मसल कार: जुन्या चेहऱ्याची भुरळ आणि सातशे हॉर्सपॉवरचा हिशोब

अमेरिकेत एमएस करायला किंवा पहिल्या नोकरीवर आलेल्या आपल्या मराठी पोरांकडून एक प्रश्न दरवर्षी ठरलेला असतो: दादा, सेकंडहँड मस्टँग किंवा चॅलेंजर मिळतेय, घेऊ का? मी डेट्रॉईटच्या बाजूला राहतो, काम गाड्यांच्याच धंद्यातलं, आणि ह्या गाड्यांवर माझा मनापासून जीव आहे, त्यामुळे हो-नाही एवढं सांगून मला कधीच समाधान होत नाही. ह्या गाड्या वेड का लावतात आणि त्याच गाड्या अंगाशी का येतात, ह्या दोन्हीचं मूळ एकच आहे, आणि ते एकदा नीट समजलं की कुठली घ्यायची आणि कुठली नाही हे ज्याचं त्यालाच कळतं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

आधी मसल कार म्हणजे काय ते. कल्पना अगदी साधी होती, मधल्या आकाराची, घरगुती, स्वस्त दोन दरवाजांची गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं भलंमोठं व्ही-८ म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन बसवायचं. १९६४ च्या पॉन्टियाक जीटीओपासून ही लाट खरी सुरू झाली असं बहुतेक जण मानतात. तेव्हा जनरल मोटर्समध्ये नियम होता की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० क्युबिक इंचापेक्षा मोठं इंजिन टाकायचं नाही. पॉन्टियाकचा चीफ इंजिनीअर जॉन डीलोरियन आणि त्याच्या टीमने टेम्पेस्ट नावाच्या साध्या गाडीवर जीटीओ हे वेगळं मॉडेल न म्हणता ऑप्शन पॅकेज म्हणून ठेवलं, आणि त्यात ३८९ क्युबिक इंचाचं म्हणजे ६.४ लिटरचं इंजिन दिलं. कंपनीला पाच हजार गाड्या खपतील असं वाटत होतं, पहिल्याच वर्षी बत्तीस हजारांवर गेल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फोर्डने न्यूयॉर्कच्या वर्ल्ड फेअरमध्ये मस्टँग आणली, ती फाल्कन नावाच्या स्वस्त गाडीचे पार्ट घेऊन बनवलेली, लांब बॉनेट आणि आखूड मागचा भाग. काटेकोर बोलायचं तर मस्टँग, कॅमेरो, चॅलेंजर ह्या पोनी कार, म्हणजे मस्टँगच्या धर्तीच्या गाड्या, पण आज लोक सगळ्यांनाच मसल कार म्हणतात आणि मीही तेच करणार आहे.

डेट्रॉईटमधून वायव्येला जाणारा वुडवर्ड अव्हेन्यू हा तेव्हा ह्या गाड्यांचा अड्डा होता, रात्री सिग्नलला दोन गाड्या शेजारी लागायच्या आणि हिरवा दिवा पडला की सुटायच्या. आता तिथे दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझ भरतं, १९९५ पासून, आणि कोणी डेट्रॉईटला नातेवाइकांकडे येणार असेल तर तो आठवडा धरून या असं मी सगळ्यांना सांगतो, रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसायचं आणि बघत राहायचं.

१९७० ला डॉज चॅलेंजर आली तेव्हा हा प्रकार कळसाला पोचला होता. तिच्यात मिळायचं ४२६ क्युबिक इंचाचं हेमी नावाचं व्ही-८, सात लिटर, कागदावर ४२५ हॉर्सपॉवर. आणि लगेच उतार सुरू झाला, कारण तीन-चार गोष्टी एकदम आल्या. इन्शुरन्स कंपन्यांनी तरुण मालकांचे हप्ते इतके वाढवले की गाडी परवडली तरी विमा परवडेना, १९७० चा क्लीन एअर ॲक्ट आला आणि धुरावर बंधनं आली, १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. पहिली चॅलेंजर १९७४ ला बंद झाली. जीटीओपासून मोजलं तर सगळा खेळ जेमतेम दहा वर्षांचा.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगतो कारण त्यावरून खूप गैरसमज आहेत. ते जुने ४२५ आणि आजचे ४२५ हे एकच आकडे नाहीत. १९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या ग्रॉस हॉर्सपॉवर सांगायच्या, म्हणजे इंजिन स्टँडवर एकटं ठेवायचं, अल्टरनेटर, एअर फिल्टर, सायलेन्सर काही न लावता, आणि मग मोजायचं. १९७२ पासून नेट मोजायला लागले, म्हणजे गाडीत असतं तसं सगळं सामान लावून. त्या हेमीचाच नेट आकडा ३५० च्या आसपास येतो. आता गंमत बघा, २०११ पासून नव्या चॅलेंजरचं सगळ्यात स्वस्त सहा सिलिंडरचं मॉडेल ३०५ नेट हॉर्सपॉवर द्यायचं, म्हणजे ज्याला इथले लोक भाड्याच्या गाडीचं इंजिन म्हणून नाक मुरडतात ते १९७० च्या दंतकथेपासून फार लांब नाही, आणि ब्रेक, टायर, सस्पेन्शन तर कितीतरी पुढे. हे आधी डोक्यात पक्कं बसवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

मग ह्या गाड्या परत का आल्या? २००५ ची मस्टँग ही सुरुवात. फोर्डचा डिझाइन प्रमुख जे मेज ह्याने साठच्या दशकातल्या मस्टँगचा चेहरा, बाजूची घडी, मागच्या तीन-तीन पट्ट्यांचे दिवे हे सगळं नव्या गाडीवर आणलं आणि लोक तुटून पडले. २००६ च्या डेट्रॉईट ऑटो शोमध्ये डॉजने चॅलेंजरची आणि शेव्हरोलेने कॅमेरोची कॉन्सेप्ट, म्हणजे नमुन्याची गाडी, ठेवली, चॅलेंजर २००८ ला आणि कॅमेरो २०१० चं मॉडेल म्हणून रस्त्यावर आली. जो मुलगा १९७० मध्ये सोळा वर्षांचा होता आणि शोरूमच्या काचेला नाक लावून हेमी चॅलेंजर बघत होता तो २००८ मध्ये चोपन्न वर्षांचा झाला होता, घराचं कर्ज संपत आलेलं, मुलं कॉलेजात, हातात पैसा. कंपनीने त्याच्यासाठी तीच गाडी परत बनवली, फक्त आता तिच्यात एअरबॅग होत्या, एसी होता आणि सकाळी पहिल्या चावीला चालू होत होती. ह्यात मला काही खोटं वाटत नाही. मनात चाळीस वर्षं राहिलेली वस्तू माणसाला मिळाली तर त्याला आनंद होणारच.

पण जुना आकार आणि नवे नियम एकत्र आले की काय होतं ते समजून घ्या, कारण ह्या गाड्यांची निम्मी गैरसोय तिथूनच येते. जुन्या चॅलेंजरचे छताचे खांब काडीसारखे बारीक होते, काचा मोठ्या होत्या. आज गाडी उलटली तर छत दबू नये, बाजूने धडक बसली तर दार आत येऊ नये असे नियम आहेत आणि ते योग्यच आहेत, पण त्यासाठी खांब जाड करावे लागतात, दारं जाड आणि उंच करावी लागतात. त्यावर जुन्यासारखं बुटकं छत ठेवायचं म्हटलं की काचेला उरते ती फक्त एक चीर. कॅमेरोमध्ये हा प्रकार सगळ्यात वाईट, मागे आणि तिरकं बघायला जवळजवळ काही दिसतच नाही.

दुसरं म्हणजे चॅलेंजरसाठी कंपनीने वेगळा सांगाडा बनवला नाही, मोठ्या चार दरवाजांच्या सेडानचा, म्हणजे क्रायस्लर ३०० आणि डॉज चार्जर ज्यावर उभ्या होत्या तोच घेऊन थोडा आखूड केला. त्यामुळे गाडी पाच मीटरपेक्षा लांब आणि एक मीटर नव्वदपेक्षा रुंद, जुनीपेक्षा लांब आणि उंच. फोटोत ते कळत नाही कारण चाकंही वीस इंची लावलेली आहेत. शेजारी साधी होंडा सिव्हिक उभी राहिली की कळतं. वजन साध्या व्ही-८ मध्ये एकोणीसशे किलोच्या आसपास आणि हेलकॅट ह्या सुपरचार्जरवाल्या मॉडेलमध्ये, जिच्याबद्दल पुढे येईलच, दोन हजाराच्या वर.

ह्याचा एक फायदाही आहे आणि तो प्रामाणिकपणे सांगायला हवा. माझ्या एका मित्राकडे २०१९ ची चॅलेंजर स्कॅट पॅक आहे, ६.४ लिटरची, ४८५ हॉर्सपॉवर. मागच्या सीटवर त्याच्या मुलीची चाइल्ड सीट बसते, डिकीत इंडियन ग्रोसरीच्या पाच-सहा पिशव्या आणि तांदळाचं पोतं आरामात जातं, आणि लांबच्या हायवेवर ती इतकी शांत आणि भारदस्त चालते की सहा तासांनी उतरल्यावर पाठ दुखत नाही. मस्टँग किंवा कॅमेरोच्या मागे मोठं माणूस बसूच शकत नाही. पण त्याच मित्राला मुलीला सीटमध्ये बसवताना बघा, पाऊण दार उघडायला शेजारच्या गाडीपासून मीटरभर जागा हवी, नाहीतर ते लांबलचक दार पूर्ण उघडत नाही, मग पुढची सीट पुढे ढकलायची, स्वतः अर्धं आत शिरायचं, वाकून पट्टे लावायचे, आणि हे जानेवारीत बर्फ पडत असताना. पार्किंगमधून मागे घेताना तो मान वळवतच नाही, सरळ कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर भरवसा. त्याच्या बायकोने ती गाडी चालवणं केव्हाच बंद केलंय.

आता आवाजाकडे येऊ, कारण माझ्या मते ह्या गाडीचा खरा जीव तिथे आहे. व्ही-८ मध्ये चार सिलिंडर डावीकडे, चार उजवीकडे. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनचा मुख्य फिरणारा दांडा, दर ९० अंश फिरला की एक सिलिंडर पेटतो, म्हणजे एकूण हिशोबाने सगळं एकसारखं चालू असतं आणि म्हणून इंजिन थरथरत नाही. पण कुठल्या बाजूचा पेटतो तो क्रम बघा. हेमीमध्ये तो डावा, उजवा, उजवा, डावा, उजवा, डावा, डावा, उजवा असा जातो. डाव्या बाजूच्या पाइपपाशी कान लावला तर दोन धमाक्यांमधलं अंतर कधी ९० अंश, कधी १८०, कधी २७०, एकसारखं नाहीच. तबल्याच्या ठेक्यात बोल जसे कधी लगोलग आणि कधी जागा सोडून पडतात तसं काहीसं, आणि त्यातून ती गुडगुड तयार होते. फेरारीचं व्ही-८ वेगळ्या क्रँकचं असतं, तिथे दोन्ही बाजू आलटून पालटून पेटतात, म्हणून ती किंचाळते आणि ही गुरगुरते. थंडीत सकाळी सुरू केली की आरपीएम थोडे चढे असतात, पहिला एक मोठा भक्क आवाज, मग अर्धा मिनिट भरदार घरघर, मग इंजिन तापलं की हळूहळू खाली बसतो आवाज आणि तो ठेका ऐकू यायला लागतो. मी हा आवाज कितीही वेळा ऐकू शकतो. शेजाऱ्यांना मात्र पहाटे सहाला तो नको असतो आणि त्यांचं बरोबर आहे.

आवाजासोबत येतो टॉर्क, म्हणजे इंजिनचा पिळण्याचा जोर. आपल्याकडच्या क्रेटाच्या साध्या १.५ पेट्रोलमध्ये १४४ न्यूटन-मीटर टॉर्क आहे, त्या स्कॅट पॅकमध्ये ६४४. रोजच्या भाषेत ह्याचा अर्थ एवढाच की पायाचा अंगठा दाबला तरी गाडी पुढे सरकते, गियर खाली टाकायची, इंजिन ओरडवायची गरज नाही, सिग्नलवरून अगदी सभ्यपणे निघतानाही पाठीला सीट लागलेली कळते. हा आनंद ५० च्या स्पीडलाही मिळतो. म्हणजे कायदा न मोडता, कोणाचा जीव धोक्यात न घालता ह्या गाडीची मजा घेता येते, आणि माझ्या दृष्टीने ही तिची सगळ्यात मोठी बाजू आहे.

मग ७०७ कशाला? २०१५ चं मॉडेल म्हणून डॉजने चॅलेंजर हेलकॅट काढली, ६.२ लिटरच्या हेमीवर सुपरचार्जर बसवून ७०७ हॉर्सपॉवर, किंमत साठ हजार डॉलरच्या आसपास. तेव्हा एवढी ताकद हवी तर फेरारी-लॅम्बोर्गिनीच्या दारात जावं लागायचं आणि तिथे किंमत कित्येक पट. सुपरचार्जर म्हणजे इंजिनच्याच पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप, तो जास्त हवा कोंबतो, जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं. त्या पंपाला फिरवायलाच पूर्ण जोरात असताना ८० च्या आसपास हॉर्सपॉवर लागते, म्हणजे एका साध्या हॅचबॅकचं अख्खं इंजिन. गाडीला दोन चाव्या मिळायच्या, काळी चावी लावली तर ५०० हॉर्सपॉवरवर बांधलेली आणि लाल लावली तर पूर्ण. कंपनीलाच माहीत होतं की रोज ७०७ कोणाला देऊ नये.

आता एक छोटं गणित करू, अवघड नाही. ड्रायव्हरसकट २,१०० किलोची गाडी शून्यावरून १०० किलोमीटर ताशीवर न्यायला साधारण ८०० किलोज्यूल ऊर्जा लागते. ७०७ हॉर्सपॉवर म्हणजे ५२७ किलोवॅट, म्हणजे सेकंदाला ५२७ किलोज्यूल. भागाकार केला तर दीड सेकंद. पण प्रत्यक्षात साडेतीन-पावणेचार सेकंद लागतात, आणि तेही हात बसलेला ड्रायव्हर, तापलेले टायर आणि चांगला रस्ता असेल तर. मधला वेळ गेला कुठे? थोडा गियर आणि आरपीएममध्ये, कारण इंजिन पूर्ण ताकद फक्त वरच्या आरपीएमला देतं, पण बहुतेक सगळा टायरमध्ये. ताकद जाते फक्त मागच्या दोन चाकांना, आणि जड इंजिन पुढे असल्याने गाडीचं निम्म्यापेक्षा जास्त वजन पुढच्या चाकांवर. रस्त्याला टेकलेला रबराचा तळहाताएवढा तुकडा जेवढं धरून ठेवेल तेवढंच ढकलता येतं, त्यापुढची सगळी ताकद धूर काढण्यात जाते. स्कॅट पॅक २२२ हॉर्सपॉवरने मागे आहे आणि तिला त्याच कामाला फक्त अर्धा-पाऊण सेकंद जास्त लागतो. कमी वेगात टायर ठरवतो, इंजिन नाही.

चॅलेंजरच्याच २०१८ च्या डीमन मॉडेलकडे बघा म्हणजे हा मुद्दा पक्का होईल. रेसच्या पेट्रोलवर ८४० हॉर्सपॉवर. पण खरी मेहनत त्यांनी मागचे टायर चिकटवण्यावर घेतली होती, ड्रॅग रेससाठीचे, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या छोट्या शर्यतीसाठीचे, रुंद मऊ टायर, निघताना वजन मागे झुकावं अशी सस्पेन्शन, वजन कमी करायला पुढची पॅसेंजर सीट आणि मागची सीट काढलेल्या, हव्या असतील तर एक डॉलरला परत मिळायच्या. पाव मैल ९.६५ सेकंदात, आणि त्यासाठी लागणारा रोल केज, म्हणजे आतला संरक्षक लोखंडी पिंजरा, गाडीत नसल्यामुळे अमेरिकेच्या ड्रॅग रेसिंग संस्थेने तिला स्पर्धेत उतरूच दिलं नाही. इंजिनिअरिंग म्हणून मला ती गाडी फार आवडते. रस्त्यावर चालवायची वस्तू ती नव्हे.

हायवेवर १०० च्या स्पीडने नुसतं चालत राहायला एवढ्या मोठ्या गाडीलाही वीस-पंचवीस हॉर्सपॉवर पुरते. बाकीची ६८० झोपलेली असते. ती कधी जागी करायची हा प्रश्न आहे, आणि वयाच्या तेविसाव्या वर्षी उत्तर नेहमी चुकीच्या वेळी सुचतं.

गाडी मागून सुटते म्हणजे नेमकं काय होतं ते सांगतो, कारण गाड्यांच्या मेळाव्यातून निघताना मस्टँग फुटपाथवर चढतानाचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत पण कारण फार थोड्यांना माहीत असतं. टायरकडे एकूण जेवढी पकड असते तिच्यातूनच त्याला वळायचंही असतं आणि ढकलायचंही असतं. वळणावर निम्मी-पाऊण पकड वळण्यात खर्च झालेली, त्यात तुम्ही ॲक्सिलरेटर दाबला, ढकलायला पकड उरलेली नाही, मागची चाकं जागेवर फिरायला लागली, आणि फिरणारं चाक गाडीला बाजूलाही धरून ठेवू शकत नाही, म्हणून मागचा भाग बाहेर जातो. इथपर्यंत सावरता येतं. पुढची चूक जीवघेणी, माणूस घाबरून पाय एकदम काढतो, वजन झपकन पुढे जातं, मागे उरलीसुरली पकडही बदलते, टायर अचानक धरतो आणि स्टिअरिंग उलटं फिरवलेलं असताना गाडी दुसऱ्या बाजूला उडते. ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाक घसरायला लागलं की ताकद आपोआप कमी करणारी यंत्रणा, हे बऱ्यापैकी सांभाळून घेतं, पण शाइन मारायला नेमकं तेच बटण दाबून बंद केलेलं असतं. ते बटण रस्त्यावर दाबायचं नाही. कधीच नाही.

त्यात मिशिगन, इलिनॉय, न्यूयॉर्कसारख्या ठिकाणी थंडी. ह्यातल्या बऱ्याच गाड्यांवर समर टायर येतात, त्यांचं रबर साधारण सात डिग्रीच्या खाली कडक व्हायला लागतं, बर्फ नसला, रस्ता कोरडा दिसत असला तरी. नोव्हेंबरच्या सकाळी साध्या टर्नवर मागचा भाग हलला की पोरांना वाटतं तेल सांडलं होतं. तेल नसतं, टायर गार असतो. विंटर टायरचा वेगळा सेट किंवा निदान ऑल-सीझन घ्यावेच लागतात, म्हणजे हजार-दीड हजार डॉलर आणखी, आणि रस्त्यावरचं मीठ खालच्या लोखंडाला खातं ते वेगळंच.

पेट्रोलचं सांगायचं तर स्कॅट पॅक ऑटोमॅटिक शहरात साडेसहा आणि सरासरी साडेसातच्या आसपास किलोमीटर देते, हेलकॅट शहरात साडेपाच, आणि दोन्हींना महागडं प्रीमियम पेट्रोलच हवं. शिवाय कमी ॲव्हरेजच्या गाडीवर अमेरिकन सरकार गॅस गझलर टॅक्स लावतं, हेलकॅटवर तो लागायचा.

खरा दणका मात्र विम्याचा. पंचविशीच्या आत, अमेरिकेतला ड्रायव्हिंगचा इतिहास शून्य आणि गाडी व्ही-८, अशा माणसाला मिशिगनमध्ये विम्याचा हप्ता गाडीच्या हप्त्याच्या वर गेलेला मी बघितलाय. ह्यात कंपन्यांचा नुसता लोभ नाही. अमेरिकेतल्या आयआयएचएस ह्या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये २०२० च्या मॉडेलांचे आकडे काढले तेव्हा ड्रायव्हर सगळ्यात जास्त मरतात अशा गाड्यांच्या यादीत नेहमीच्या छोट्या स्वस्त गाड्यांसोबत चॅलेंजर, चार्जर, कॅमेरो, मस्टँग ह्यांची मॉडेलं होती. छोटी गाडी यादीत येते कारण धडकेत ती चेपते. दोन टनांची, एअरबॅगांनी भरलेली गाडी यादीत येते ती फक्त चालवण्यामुळे. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते, आणि ब्रेक कितीही मोठे लावले तरी ती सगळी त्या चार टायरमधूनच जिरवायची असते.

आणि चोरी. त्याच संस्थेच्या विम्याचा डेटा बघणाऱ्या शाखेच्या आकड्यांत २०२० ते २०२२ च्या चार्जर हेलकॅटच्या चोरीचे क्लेम सरासरी गाडीच्या साठपट होते. चोर आत शिरून कॉम्प्युटरने नवी चावी प्रोग्रॅम करतात आणि दोन-चार मिनिटांत गाडी गायब, मग तिला कोणती पोलीस गाडी गाठणार? शेवटी डॉजने एक सेटिंग आणली, कोड टाकला नाही तर इंजिन तीन हॉर्सपॉवरसुद्धा देणार नाही, नुसतं रांगेल. अपार्टमेंटच्या उघड्या पार्किंगमध्ये राहणाऱ्याने हेलकॅटचं नावही काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

भारतातले मित्र विचारतात, इकडे कधी येणार? मस्टँग आली होती, २०१६ मध्ये फोर्डने ५.० लिटर व्ही-८ आणली, दिल्ली एक्स-शोरूम ६५ लाख. त्याच्या आधी पन्नास वर्षं कंपनी उजव्या स्टिअरिंगची मस्टँग बनवतच नव्हती. अमेरिकेत ४३५ हॉर्सपॉवर देणारं ते इंजिन आपल्याकडच्या पेट्रोलसाठी ४०० च्या आसपास ठेवलं होतं. चॅलेंजर कंपनीने उजव्या स्टिअरिंगमध्ये कधीच काढली नाही. मुंबई-पुण्यात काही हौशी लोकांकडे मस्टँग आहेत आणि एक्स्प्रेसवेवर पहाटे त्या दिसतातही, पण पुढची खालची कड स्पीडब्रेकरला घासणार, ताशी २० ने ट्रॅफिकमध्ये पाच लिटरचं इंजिन तापणार आणि पार्टसाठी वाट बघावी लागणार, हे धरूनच घ्यायची.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. नुसता आकडाच हवा असेल तर आज एखादी घरगुती इलेक्ट्रिक गाडी चार चाकांना ताकद देऊन सिग्नलवर हेलकॅटला मागे टाकते, ओल्या रस्त्यावर तर हमखास. आवाज नाही, धूर नाही, ड्रायव्हरला काही यायची गरज नाही. डॉजने स्वतःच २०२४ चं मॉडेल म्हणून इलेक्ट्रिक चार्जर डेटोना काढली, ६७० हॉर्सपॉवरची, कृत्रिम एक्झॉस्टचा आवाज लावून, आणि वजन अडीच टनांच्याही वर गेलं. लोक काही तिच्यावर तुटून पडले नाहीत. ह्याउलट चॅलेंजर तेरा वर्षांची जुनी झाली होती तेव्हा, २०२१ मध्ये, अमेरिकेत मस्टँगपेक्षा जास्त विकली गेली. आकड्यासाठी लोक ही गाडी घेत नाहीत ह्याचा ह्याहून मोठा पुरावा मला नको. आकार, आवाज, खालच्या आरपीएमचा टॉर्क ह्यासाठी घेतात, आणि ह्या तिन्ही गोष्टी ३७० हॉर्सपॉवरलाही तेवढ्याच मिळतात.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. पहिलीच गाडी असेल तर व्ही-८ घेऊच नका, एक-दोन हिवाळे साध्या गाडीवर काढा, इथला ड्रायव्हिंग रेकॉर्ड तयार होऊ दे, विमाही खाली येईल. त्यानंतर मोह राहिलाच तर चॅलेंजर आर/टी, ५.७ लिटर, ३७० च्या आसपास हॉर्सपॉवर, हीच बहुतेकांसाठी योग्य गाडी. चांगलं चालवता येतं, पैसा आहे, गॅरेज आहे, तर ६.४ ची स्कॅट पॅक, सुपरचार्जर नसलेली, माझ्या मते आधुनिक मसल कारमधली सगळ्यात गोड गाडी. वळणांवर मजा हवी तर मस्टँग जीटी, पण २०१५ किंवा नंतरची, कारण तोपर्यंत तिला मागे जुन्या ट्रकसारखा एकसंध ॲक्सल होता, एका चाकाखाली खड्डा आला की दुसरंही चाक हलायचं. सहा सिलिंडरची चॅलेंजर घेणाऱ्याला कोणी हसलं तर हसू दे, ३०५ हॉर्सपॉवर आहे ती, फक्त तो आवाज मिळणार नाही आणि माझ्यासारख्या माणसाला आवाजाशिवाय ती अर्धीच वाटते. हेलकॅट ज्यांना घ्यायचीय त्यांनी आधी ड्रॅग स्ट्रिपवर किंवा ट्रॅकवर कोणाकडून तरी शिकून घ्या.

ब्रॅम्प्टनला, टोरोंटोच्या शेजारी जिथे आपली बरीच मराठी कुटुंबं राहतात, तिथल्या कारखान्यातून शेवटची चॅलेंजर डिसेंबर २०२३ मध्ये बाहेर पडली, कॅमेरोही त्याच सुमारास थांबली, त्यामुळे ह्या दोन्ही आता सेकंडहँड बाजारातच. बघायला जाल तेव्हा विकणाऱ्याला सांगा की इंजिन थंड ठेवा, मी आल्यावर सुरू करू. गरम इंजिन बरंच काही लपवतं. थंड इंजिनला टिकटिक येत असेल आणि तापल्यावर गेली तर बहुतेक वेळा एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनमधून धूर गोळा करणाऱ्या पाइपचा, तुटलेला बोल्ट, तो खर्च सोसण्यासारखा. तापल्यावरही टिकटिक राहिली तर लिफ्टर आणि कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनच्या आतले व्हॉल्व्ह उघडणारे भाग, झिजले असण्याची शक्यता, तिथून परत फिरा. मागचे टायर पुढच्यापेक्षा नवेकोरे असतील तर आधीचे कुठे गेले ते विचारा. आणि हे सगळं करायच्या आधी, गाडी बघायलाही जायच्या आधी, तिचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख नंबर, देऊन विम्याचा कोट काढा. निम्म्या लोकांचा निर्णय तिथेच होतो.